एक फूट रुंदीची वाट

कुर्ल्याहून कालिन्याकडे येताना मध्ये एका नाल्यावर छोटासा पूल लागतो. गेल्या माघात त्या पुलावर माझी रिक्षा अडकली. पुढे पाण्याचा टँकर वळत होता आणि मागे शाळेच्या बसेस लागल्या होत्या. ऊन चढलं होतं आणि नाल्याचा तो ओळखीचा, घशात उतरणारा वास आत आला होता. मी नाकाला रुमाल लावून खाली पाहत होतो, तर नाल्याच्या भिंतीवरून एक पोरगा चालत येताना दिसला. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. डाव्या खांद्यावरून छातीवर आडवा पट्टा घेतलेला, बहुतेक जुन्या दप्तराचा. पट्ट्याला निळी नायलॉनची दोरी बांधलेली आणि ती दोरी त्याच्या पाठीमागून तिरकी खाली नाल्यात गेलेली. दोरीच्या टोकाला तराफा. थर्माकोलचे मोठे तुकडे एकावर एक रचून ताडपत्रीत घट्ट बांधले होते आणि वर रिकाम्या बाटल्यांची फुगलेली पोती होती. तराफ्यावर दुसरा, लहान पोरगा उभा. त्याच्या हातात बांबू. वरचा ओढायचा तसा तराफा भिंतीकडे सरकायचा आणि हा बांबूचं टोक भिंतीला लावून तो परत मध्यावर ढकलायचा. पाणी मिठी नदीच्या दिशेनं निघालं होतं आणि ही दोघं त्याच्या उलट जात होती. वरच्याचं अंग पुढे झुकलेलं, मान खाली, पाय मोजून एकापुढे एक. पुलाजवळ आल्यावर त्यानं अंगठा पट्ट्याखाली घातला, पट्टा बोटभर सरकवला आणि पुन्हा झुकला.

ज्या भिंतीवरून तो चालत होता तिचा माथा फूटभर रुंद आहे. एका बाजूला दहा फूट खोल नाला, दुसऱ्या बाजूला घरांचे पत्रे.

फूटभर म्हणजे नेमका किती, हे मला माहीत आहे. तीनशे मिलिमीटर. त्या भिंतीचा नकाशा मी काढलेला आहे.

टँकर वळला, रिक्षा सुटली. घरी येऊन जेवलो, पेपर वाचला, पण ते चित्र काही डोळ्यांपुढून हलेना. त्या पोराचा तोल जाईल की काय अशी भीती पाहताना वाटली होती, पण खुपत होतं ते वेगळंच. त्याला चालायला दुसरी जागा का नव्हती, याचं उत्तर मला ठाऊक होतं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर ते एका फाइलमध्ये होतं.

मी एका सल्लागार कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या गोष्टींच्या रेघा मारल्या आणि त्या मनापासून मारल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरची दोन-तीन वर्षं आमच्याकडे नाल्यांशिवाय काम नव्हतं. मिठीला मिळणारे नाले रुंद करायचे, खोल करायचे, दोन्ही अंगांना आरसीसीच्या भिंती घालायच्या. भिंतीचा छेद मला अजून डोळे मिटून काढता येईल. खाली रुंद पाया, मातीकडच्या अंगानं निमुळती होत गेलेली भिंत, मागचं पाणी निघून जावं म्हणून ठरावीक अंतरावर भोकं, आणि माथा तीनशे मिलिमीटर. पहिल्या नकाशात त्या भिंतीच्या मागे आणखी एक गोष्ट होती. तीन मीटरची पट्टी. यंत्र आणून गाळ काढता यावा म्हणून सेवा रस्ता. मी तिचा वेगळा लेयर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशातला वेगळा थर, केला होता आणि तिला हिरवा रंग दिला होता. पुढे जागेवर मोजणी झाली. त्या पट्टीत घरं होती. नाल्याकडे पाठ करून बसलेली एक सलग रांग, मोऱ्या, एक पिठाची गिरणी, एक देऊळ. बैठका झाल्या, वरून निरोप आला. मी ऑटोकॅडमध्ये त्या लेयरवर गेलो आणि बल्बच्या चिन्हावर क्लिक केलं. पिवळा बल्ब निळसर झाला आणि हिरवी पट्टी पडद्यावरून गेली. दुपारच्या चहाच्या आधीचं काम. तेव्हा मला बरंच वाटलं होतं, कारण मोजणीच्या वेळी मी त्या रांगेतल्या एका घरात पाणी प्यायलो होतो आणि ते घर आता राहणार होतं. आजही मला वाईट वाटतं असं म्हणवत नाही. पण त्या दिवशी पुलावरून पाहिलं आणि कळलं की ती वाट हवी असणारा माणूस नकाशा काढताना आमच्या कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता. आम्ही यंत्राचा विचार केला, पाण्याचा केला, घरांचा केला. पाण्यातून काही ओढून नेणारा माणूस या शहरात असेल, असं कुणाला वाटलं असतं?

असा माणूस आणि अशी वाट मी एकदा पाहिली होती, म्हणजे वाट पाहिली होती, माणूस तिथून केव्हाच गेला होता. मुलगी लंडनला असताना आम्ही दोघं तिच्याकडे दीड महिना होतो. ती कामावर गेली की मी रीजंट्स कालव्याच्या कडेनं चालायला जायचो. लंडनच्या पाठीमागून जाणारा हा कालवा १८२० मध्ये पूर्ण झाला, जेमतेम चौदा किलोमीटरचा. त्याच्या काठाला लागून एक अरुंद वाट आहे, कुठे विटांची, कुठे खडीची. रस्त्यावरचा गोंगाट वर राहतो आणि खाली पाण्याबरोबर आपण चालत असतो. इंग्रजीत तिला टोपाथ म्हणतात. नावेला शीड नाही, इंजिन अजून यायचं होतं, म्हणून घोडा काठावरून चालायचा आणि दोरीनं नाव ओढायचा. ही वाट घोड्याची. आता तिथं सायकली, धावणारी मंडळी, कुत्री फिरवणाऱ्या बायका. मुलीनं मला सांगितलं की वाटेच्या पोटात ४०० केव्हीच्या विजेच्या केबल आहेत आणि त्या तापू नयेत म्हणून कालव्याचंच पाणी त्यांच्या भोवती फिरवतात. मला ते फार आवडलं. घोडा गेला तरी वाटेवरून काहीतरी ओढलं जातंच आहे.

रीजंट्स पार्कच्या उत्तरेला त्या कालव्यावर मॅकल्सफील्ड पूल आहे. त्याला खाली बिडाचे जाड, उभ्या पन्हळींचे खांब आहेत. पहिल्या दिवशी मी नुसताच पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी पाऊस आला म्हणून पुलाखाली थांबलो आणि खांबाला हात टेकला, तर बोटं आत गेली. बिडात खाचा होत्या. एकाखाली एक, तिरक्या, कडा गोल झालेल्या, आतून काचेसारख्या गुळगुळीत. काही इतक्या खोल की माझी करंगळी पेरापर्यंत मावली. दोरीनं पाडलेल्या खाचा. दोरी कालव्यात भिजायची, तिला वाळूचे कण चिकटायचे, आणि प्रत्येक नावेमागे ती खांबाला घासून जायची. घोडा पुलाखालून पुढे गेलेला, नाव मागे, मध्ये ताणलेली दोरी. असं पन्नास-पाऊणशे वर्षं. आणि या खांबांना दोन्ही अंगांना खाचा आहेत. २ ऑक्टोबर १८७४ ला पहाटे दारूगोळा घेऊन जाणारी एक नाव बरोबर या पुलाखाली फुटली. नावेवरची तिघं माणसं गेली, पूल उडाला, पण बिडाचे खांब टिकले. पूल परत बांधताना तेच खांब वापरले, फक्त फिरवून बसवले. झिजलेली बाजू एकीकडे गेली आणि कोरी बाजू दोरीसमोर आली. मग तिलाही खाचा पडल्या. मी पाऊस थांबल्यावरही तिथंच उभा होतो. एका खांबाभोवती फिरून दोन पिढ्यांच्या दोऱ्यांना हात लावून आलो.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. माझ्या कामाचा स्वभावच तसा, एखादी गोष्ट कशी चालायची ते कळल्याशिवाय झोप लागत नाही. इंग्लंडच्या अरुंद कालव्यांतली नाव ७० फूट लांब आणि ७ फूट रुंद. तिच्यात पंचवीस-तीस टन कोळसा, आणि तो ओढायला एक घोडा. रस्त्यावर त्याच घोड्याला गाडीत एक-दोन टन म्हणजे पुष्कळ झालं. मात्र सुरुवातीला हिसका देऊन चालत नाही. घोडा नुसता पुढे झुकून उभा राहायचा, सगळं वजन गळपट्ट्यावर टाकून, आणि नाव हलेपर्यंत वाट पाहायचा. हलली की मग माणसाच्या चालीनं दिवसभर. समोरून दुसरी नाव आली तर एकानं दोरी सैल सोडायची, ती पाण्यात बुडू द्यायची आणि दुसऱ्यानं तिच्यावरून जायचं. बोगद्यात घोड्याला वाट नसायची, मग त्याला सोडून डोंगरावरून चालवत पलीकडे न्यायचे आणि नावेवरची माणसं फळ्यांवर उताणी झोपून, बोगद्याच्या भिंतींवर पाय देत देत, आडवी चालत नाव पलीकडे काढायची. आगगाडीच्या आवाजानं बुजून घोडे कालव्यात पडायचे, म्हणून काठाला जागोजाग त्यांना वर यायला उतार केलेले आहेत. ते उतार अजून आहेत. पाण्याखाली जाणाऱ्या त्या दगडी उताराकडे पाहून मला कोण बरं वाटलं. पडणाराचा विचार करून कुणीतरी नकाशात रेघ मारली होती.

पण घोडा ही तिकडची चैन झाली. बाकी जगात बहुतेक ठिकाणी माणसांनीच ओढलं. इल्या रेपिन या रशियन चित्रकाराचं व्होल्गाकाठचं चित्र पुष्कळांनी कुठं ना कुठं पाहिलेलं असेल. १८७०च्या सुमाराला त्यानं ते सुरू केलं आणि १८७३ मध्ये पूर्ण केलं. वाळूच्या काठावर अकरा माणसं छातीला पट्टे लावून झुकलेली आणि मागे मोठी नाव. सगळे खाली पाहत आहेत. मध्ये एक कोवळा पोरगा आहे, त्यानं मात्र मान वर केली आहे आणि त्याचा हात खांद्यावरच्या पट्ट्याशी आहे, पट्टा काचतोय म्हणून. हे चित्र मी आयुष्यात अनेकदा पाहिलं, आणि त्या पोराचा हात मला दिसला तो पुलावरून आल्यानंतर. चित्रात लांब, क्षितिजाशी, एका आगबोटीचा बारीक धूरही आहे. चीनमध्ये यांगत्सेच्या घळीत ओढणाऱ्यांसाठी कड्यातच वाटा कोरल्या होत्या, माणूस वाकून जाईल एवढ्या. बांबूच्या दोरांनी तिथल्या दगडालाही खाचा पाडल्या होत्या. २००३ पासून धरणाचं पाणी चढत गेलं आणि त्या वाटा पाण्याखाली गेल्या.

आपल्याकडेही ओढायचे. गंगेवर कलकत्त्याहून वर जाणाऱ्या नावा आगबोटी येईपर्यंत अशाच जायच्या. वारा असला तर शिडावर, नसला तर मांझी काठावर उतरून दोर खांद्याला लावणार. अलाहाबादपर्यंत पोहोचायला महिने लागत. बंगालीत या दोराला गुण म्हणतात आणि ओढण्याला गुण टानणं. आमच्या इमारतीत संस्कृत शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना मी हे सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "काका, गुण म्हणजे मुळात दोरीच. धनुष्याचा गुण म्हणतो ना आपण? अमरकोशात डोलकाठीला गुणवृक्षक म्हटलंय, दोर बांधायचं झाड." मी घरी येऊन तो शब्द वहीत लिहून ठेवला. दक्षिणेत बकिंगहॅम कालवा आहे, आंध्रच्या किनाऱ्यापासून पार चेन्नईच्या खालपर्यंत समुद्राला समांतर गेलेला, चारशेवर किलोमीटरचा. १८७७-७८ च्या दुष्काळात उपाशी माणसांना काम म्हणून त्याचा चेन्नईतला मधला तुकडा खणून घेतला होता. त्याच्यावरही नावा काठावरून ओढत. आता चेन्नईत त्याच कालव्याच्या पात्रात उन्नत रेल्वेचे खांब उभे आहेत. ते काम ज्यानं काढलं असेल तो माझ्यासारखाच कुणीतरी. त्याच्याही पडद्यावर कुठलातरी लेयर बंद झाला असेल.

मग आपल्या कोकणात, आपल्या मुंबईत अशी वाट का नाही? इतक्या खाड्या, इतकी बंदरं, इतकी गलबतं.

याचं उत्तर मला आजोबांच्या आठवणीत सापडलं. आमचे आजोबा वाशिष्ठीच्या खाडीत पडावावर, म्हणजे मालाच्या नावेवर, तांडेल होते, नावेचे प्रमुख. मुंबईहून माल दाभोळला यायचा आणि तिथून पडावांतून खाडीनं वर गोवळकोटला, चिपळूणसाठी. कौलं, मीठ, खोबरं, कापडाचे गठ्ठे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेलेलो आहे. आजोबा पहाटे उठून आधी पंचांग बघायचे. तिथीची पाऊणपट करायची, ती भरती पूर्ण होण्याची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. मला पाऊणकीचा पाढा शाळेच्या आधी असा खाडीवर पाठ झाला. भरती लागली की निघायचं आणि पाण्याबरोबर वर जायचं. ओहोटी लागली की जिथं असू तिथं नांगर टाकायचा. मग चूल पेटायची, भात व्हायचा, माणसं शिडाच्या सावलीत झोपायची. सहा तासांनी पाणी परत आपल्या बाजूनं. समुद्रच दिवसातून दोनदा आत येऊन नाव ओढून नेत होता, आणि नेऊन सोडतही होता. ज्या नदीला भरती नाही तिच्यावर दोर लागतो. आणि खाडीच्या काठाला वाट तरी कशी होणार? गुडघाभर चिखल, त्यात तिवरांची वर आलेली टोकदार मुळं. तिथं माणूस चालू शकत नाही, घोडा तर नाहीच.

एकदाच मी त्यांना ओढताना पाहिलं. अष्टमीचा भांग होता, म्हणजे भरतीला जोर नाही, आणि वारा पडलेला. पडावात मंगळुरी कौलं होती, दाबून भरलेली. गोवळकोटच्या अलीकडे एका वळणावर पडाव वाळूला लागला. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी सदरा काढून माझ्याकडे दिला, दोर घेतला आणि पाण्यात उतरले. मागोमाग तिघं उतरली. छातीएवढ्या पाण्यात दोर खांद्यावर घेऊन ती झुकली आणि तशीच उभी राहिली. कुणी ओरडलं नाही, हिसका दिला नाही. मला वाटलं की ही ढकलत का नाहीत, थांबली का? बराच वेळ काहीच झालं नाही. मग पडावाच्या बुडाखालून वाळूचा करकर आवाज आला, आणि कौलं एकमेकांवर किणकिणली. रात्री आजीनं त्यांच्या खांद्याला खोबरेल लावलं. त्या खांद्यावर एक जुना घट्टा होता, रुपयाएवढा, तपकिरी, तुळतुळीत. लहानपणी मी त्याच्यावर बोट फिरवत झोपायचो. तो कशानं पडला हे त्या रात्री कळलं. लंडनला बिडाच्या खाचेत करंगळी गेली तेव्हा मला पहिला तोच आठवला. दगड-लोखंडाची वाट नसली की दोर माणसावर खूण ठेवतो.

मुंबईला आल्यावर माझं पाणी पाइपातलं झालं. आम्ही चाळीत राहायचो आणि मागून तानसाची पाइपलाइन जायची. तानसा धरण १८९२ चं, त्याचं पाणी लोखंडी नळांतून इतक्या लांबून शहरात येतं. काळे, डांबर फासलेले, माणसापेक्षा उंच नळ. त्यांच्या पाठीवरून चालत आम्ही शाळेत जायचो, कारण खालून चिखल असायचा. उन्हाळ्यात चपलेतून चटका बसायचा. पण कान लावला तर आत पाणी चाललेलं ऐकू यायचं, एक जड, न थांबणारा घुमा आवाज. आपण शाळेच्या दिशेला आणि पाणी शहराच्या दिशेला. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण मला खाडीतल्यासारखं वाटायचं, आपल्याला कुणीतरी नेतंय असं. पुढे त्या नळांच्या दोन्ही बाजूंची घरं हायकोर्टाच्या आदेशानं हटवली. माझ्या वर्गातले दोघे त्या रांगेत राहायचे. आता काही ठिकाणी तिथं मोकळी पट्टी आहे, कडेला कुंपण आहे, सकाळी माणसं चालतात. मी एकदा चाललो. वाट चांगली आहे. पण माझं लक्ष सारखं जमिनीवर जात होतं, कुठे कुणाची मोरी होती, कुठे उंबरा होता, ते शोधत होतं. लंडनच्या काठावर मला जे निवांत चालता आलं ते इथं येईना. इथं पाण्याकाठी तीन मीटर मोकळी जागा दिसली की आधी मनात येतं की कोण उठलं असेल.

म्हणूनच मला माझ्या बंद केलेल्या लेयरबद्दल एका मतावर येता येत नाही. जिथं पाणी प्यायलो ते घर मला हवं आहे. आणि त्या पोराला चालायला वाटही हवी आहे. एकाच तीन मीटरमध्ये.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा त्या पुलावर गेलो. या वेळी मुद्दाम. निघताना कालनिर्णय पाहिलं, षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारला माहीमला, मिठीच्या तोंडाशी, पूर्ण भरती, आणि पाणी इतकं आत, नाल्यापर्यंत पोहोचून वळायला दुपार व्हावी. बाराच्या सुमाराला पोहोचलो. तो पोरगा पुलाच्या सावलीत भिंतीवरच बसला होता, पाय नाल्याकडे सोडून. खाली तराफा दोरीनं बांधलेला, भरलेला, आणि धाकटा पोत्यांवर झोपलेला. मी पुलाच्या कठड्याशी उभा राहिलो. थोड्या वेळानं त्यानंच वर पाहिलं.

"काय काका, काही पडलं का खाली?"

नाही म्हटलं, सहज. मग विचारलं की माल कुठं नेता. त्यानं मानेनंच वरच्या अंगाला दाखवलं. तिकडं पुढच्या पुलापाशी भंगाराचं दुकान आहे. रस्त्यानं नेलं तर हातगाडीचं भाडं पडतं आणि पोती मोठी, गल्लीतून जात नाहीत. तो जालन्याकडचा निघाला. बोलायला मोकळा होता.

"मग आज बसलास का?"

"पाणी यायलंय ना काका. आता उलटं चाललंय, ते थांबू द्या. दीड वाजता वर चढतंय. मग वढावं लागत नाही."

"त्या दिवशी तर ओढत होतास."

तो हसला. "त्या दिवशी टेम्पो बाराला जाणार होता. घाई होती. मग काय, वढलं." आणि त्यानं शर्टाची कॉलर बाजूला करून खांदा दाखवला. मी वरून पाहत होतो, नीट दिसलं नाही. लालसर काहीतरी होतं.

तुला ही वेळ कुणी सांगितली, असं मी विचारलं. कुणी नाही, म्हणाला. रोज बघून कळतं. रोज पाऊण-एक तास पुढे सरकतं. अमावस्येला जास्त चढतं, तेव्हा पोती जास्त भरायची. समुद्र त्यानं पाहिलेला होता, जुहूचा, दोनदा. जालन्यात कसली आली भरती. मला आजोबांचं पंचांग आठवलं आणि त्याला पाऊणपटीचा हिशोब सांगावासा वाटला. मी सांगितला. त्यानं दोनदा विचारून घेतला, बोटांवर मोजला. मग खिशातून मोबाइल काढून आजची तिथी पाहिली आणि म्हणाला, "बरोबर यायलं की."

मी पुलावरून उतरून कडेच्या गल्लीतून भिंतीपर्यंत गेलो. एका घराच्या मोरीला वळसा घालून जाता येतं. तिथून भिंतीच्या माथ्यावर हात ठेवला. काँक्रीट खडबडीत, फळ्यांचे व्रण जसेच्या तसे. पुलाच्या कोपऱ्याशी, जिथं दोरी घासत असणार तिथं मी खाच शोधली. खाच नव्हती. नायलॉन गुळगुळीत असतो आणि हे काम चालू होऊन किती दिवस झाले असणार. नुसते निळे बारीक धागे काँक्रीटच्या कडेला अडकले होते, फणीत केस राहतात तसे. मी तीनशे मिलिमीटर बोटांनी मोजले. वीत आणि वर चार बोटं.

दीडला पाच-सात मिनिटं असताना धाकटा आपोआप उठून बसला. नाल्याच्या मध्यावरून एक झेंडूची माळ मिठीकडे चालली होती. ती हळू झाली. मग एका जागी गोल फिरली, थांबली. भिंतीच्या भोकांमधून ठिबकणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं. माळेच्या शेजारी एक पांढरा थर्माकोलचा कप होता, तोही थांबला. आणि मग दोन्ही एकदमच आमच्याकडे निघाली.

पोरानं दोरी सोडली, गुंडाळून तराफ्यावर टाकली आणि भिंतीवरून खाली उतरून पोत्यांवर जाऊन बसला. धाकट्यानं बांबूनं एकदा रेटलं. तराफा पुलाखाली गेला आणि मी घाईघाईनं पुलाच्या दुसऱ्या बाजूला गेलो, तोवर ते बाहेर आले होते. भिंतीवर कुणीच नव्हतं. मोठा मांडी घालून बसला होता, पट्टा काढून शेजारी ठेवलेला, आणि बोटांवर उद्याची वेळ मोजत होता.